मुलाने अमेरिकेची शपथ घेतली, आता २६ जानेवारीला सोसायटीत झेंडा त्याच्या हाताने की नाही?

बर्डीचा_मास्तर | १६ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे पण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेला म्हणून इथे टाकून राहिलो.

मुलगा सोळा वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. मागच्या महिन्यात त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं. शपथविधी तिकडे सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे साडेसातच्या बातम्यांच्या वेळेला. सुनेने व्हिडिओ कॉल लावला होता. एक मोठा हॉल, शे-दीडशे माणसं, प्रत्येकाच्या हातात वीतभर कागदी झेंडा, ग्रीन कार्ड दारातच जमा करून घेतलं म्हणे. मग सगळ्यांनी उजवा हात वर केला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो त्यामुळे शब्द नीट ऐकत होतो. आजपर्यंत ज्या परकीय राजाचा वा देशाचा मी नागरिक होतो त्याच्यावरची सगळी निष्ठा पूर्णपणे सोडतो, असं वाक्य आहे त्यात. आणि कायद्याने सांगितलं तर शस्त्रही उचलीन. बायको बाजूला बसून मेथी निवडत होती, तिने एवढंच विचारलं, "परकीय म्हणजे आपण का हो?"

मी काही बोललो नाही.

आता मुद्दा. तो जानेवारीत येणार आहे. लहानपणी सोसायटीच्या झेंडावंदनाची सगळी तयारी तोच करायचा म्हणून सेक्रेटरी म्हणाले की या २६ जानेवारीला त्याच्याच हाताने झेंडा फडकवू. कालच्या १५ ऑगस्टला चहाच्या वेळी हा विषय निघाला तर एक सदस्य उभे राहिले, की परदेशी माणसाच्या हाताने आपला तिरंगा चालणार नाही. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मला राग आला, पण खरं सांगतो, आतून कुठेतरी वाटलं की त्या माणसाचं पूर्ण चुकत नाहीये. तुम्हाला काय वाटते?

तर्री_मारके | १६ ऑगस्ट, रात्री ९:५२

मास्तर, तो सदस्य स्वतः मेंटेनन्स भरते का वेळेवर? पयले ते सांगा, मग देशभक्तीचं पाहू 😀

पेठेतला_पाटीवाला | १६ ऑगस्ट, रात्री १०:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्याने सर्वांसमोर हात वर करून निष्ठा सोडली त्याने ध्वज फडकवू नये. त्याचा अपमान करा असं म्हणत नाही, पहिल्या रांगेत खुर्ची द्या, पेढा द्या. पण शब्दाला काही किंमत असते की नाही? की शपथ म्हणजे ॲप डाउनलोड करताना 'मान्य आहे' दाबतो तसं काहीतरी?

एडिसनची_मावशी | १६ ऑगस्ट, रात्री ११:३०

पाटीवाले, दाबतो ना तसंच, फक्त फी जास्त आहे 😄

आता सिरियसली. मी मूळची प्रतापनगरची, एकवीस वर्षं इथे. माझा नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना २०२०च्या एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी कंपनी नाहीतर गाशा गुंडाळा. विमानं बंद. मोठी मुलगी सातवीत, लहान मुलगा इथेच जन्मलेला म्हणजे जन्माने अमेरिकन. एका घरात चार माणसं आणि पासपोर्ट दोन देशांचे. फ्रिजवर कॅलेंडर होतं त्यावर मी रोज एक खूण करायचे, मुलीने विचारलं की आई काय मोजतेस, म्हटलं दुधाचा हिशोब. बेचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. ते कॅलेंडर अजून ठेवलंय.

तुम्ही लोक भाषणात स्वातंत्र्य म्हणता ना, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आपल्या घरात उद्या पण आपण असू हे माहीत असणं. मॅनेजरला 'नाही' म्हणता येणं. आईला अटॅक आला तर ग्रीन कार्डाचं काय होईल हा हिशोब न करता सहा-आठ महिने नागपुरात राहता येणं. मी शपथ घेतली ती आईजवळ राहता यावं म्हणून घेतली हे कोणाला सांगितलं तर हसतात. पण तसंच आहे.

तर्री_मारके | १६ ऑगस्ट, रात्री ११:३८

दुधाचा हिशोब. काय बोलावं मावशी आता.

म्युनिकचा_मोरे | १७ ऑगस्ट, पहाटे ३:०५

इथे जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली. माझे तुर्की कलीग दोन्ही पासपोर्ट खिशात घालून फिरतात. आपल्याला जर्मनी हो म्हणते आणि भारत नाही म्हणतो. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा, स्वेच्छेने दुसरं घेतलं की आपलं आपोआप गेलं. अर्ज बिर्ज काही नाही. नंतर फक्त पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. म्हणजे मास्तरांच्या मुलाने तोंडाने काही म्हटलं नसतं तरी नागरिकत्व गेलंच असतं, सोडलं त्याने आणि सोडवलं आपणही.

मी अजून घेतलं नाहीये. फॉर्म भरून ठेवलाय दीड वर्षापासून. बघू.

काटोलचा_बागाईतदार | १७ ऑगस्ट, सकाळी ७:२०

ओसीआय कार्ड मिळते ना त्याहिले, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकाहिचं. माझ्या चुलतभावाकडे आहे, कॅनडाचा नागरिक आहे तो. आजन्म व्हिसा, यावं जावं, पण मत टाकता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. आता गंमत ऐका. आमच्या संत्र्याच्या बागेला लागून दोन एकर विकायला निघाले. भाऊ म्हणे मी घेतो, पैसे तयार. तलाठ्याकडे गेलो तं समजलं का वारसानं आलेली राखता येते पण विकत घेता येत नाही. म्हणजे बापानं ठेवलेल्या बागेचा मालक, आणि धुऱ्यापलीकडे परका. तो धुऱ्यावर बसून एक तास नुसता संत्रा सोलत होता. खाल्लाच नाही.

जरीपटक्याचा_नाका | १७ ऑगस्ट, दुपारी १:१०

मी सिंधी आहे, शिक्षण मराठी शाळेत, त्यामुळे माझ्या मराठीला हसू नका. हसायचं असेल तर पुण्याच्या लोकांनी हसा, तुम्ही तसेही नागपूरच्या सगळ्यांनाच हसता.

माझे दादा, म्हणजे आजोबा, फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरहून आले. आधी कॅम्प, मग इकडे. राहायला मिळाली ती वस्ती जरीपटका, म्हणजे नावच मराठ्यांच्या निशाणाचं! दादा म्हणायचे, अपना घर गया, पर मोहल्ला झंडे का मिला. शाळेत मला पोरं 'निर्वासित' म्हणायची. बरेच दिवस मला तो आडनावाचा प्रकार वाटायचा.

दादी लिहायला वाचायला शिकली नाही पण राष्ट्रगीत लागलं की उभी राहायची, गुडघे दुखले तरी. 'पंजाब सिंध' आलं की तिचे ओठ हलायचे, तेवढ्या एका शब्दापुरते. सिंध आता भारतात नाही म्हणून तो शब्द काढा असं कोणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २००५ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. दादी तेव्हा होती. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, काढला असता तर मी बसून घेतलं असतं.

आता दुसरी गोष्ट. आमच्या नात्यातले एक काका खूप नंतर आले, पाकिस्तानी पासपोर्टवर, लाँग टर्म व्हिसा. अनेक वर्षं असं होतं की शहराबाहेर जायचं तर परवानगी. गोंदियाला पुतणीचं लग्न होतं, कागद वेळेवर आला नाही, ते नागपूर स्टेशनवर सगळ्यांना गाडीत बसवून परत घरी आले. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट ज्या दिवशी हातात मिळालं त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? पेढे नाही, देवळात नाही. कोणाला न सांगता रायपूरचं तिकीट काढलं, जनरलचं. रायपूरला उतरले, प्लॅटफॉर्मवर समोसा खाल्ला आणि पुढच्या गाडीने परत. काकूने विचारलं काय काम होतं? म्हणे काही नाही.

मास्तर, पेपर हातात नसणं काय असतं ते आमच्या गल्लीत विचारा. तुमच्या मुलाने कागद घेतला, त्याला शिव्या देऊ नका.

अंबाझरी_ओव्हरफ्लो | १७ ऑगस्ट, दुपारी २:००

काकांचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. पण मग तोच न्याय सगळ्यांना का नाही? २०१९च्या दुरुस्तीत शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांना धर्म पाहून मार्ग सोपा केला. ज्याला गाडीत बसता येत नाही त्याला धर्म कशाला विचारायचा?

पेठेतला_पाटीवाला | १७ ऑगस्ट, दुपारी २:१२

कारण छळ धर्म पाहूनच झाला होता. एवढं साधं आहे ते.

अंबाझरी_ओव्हरफ्लो | १७ ऑगस्ट, दुपारी २:१४

छळ त्या तीन देशांत आणि त्या सहा धर्मांच्या लोकांचाच होतो का? श्रीलंकेचे तमिळ कुठे बसतात यात?

संपादक | १७ ऑगस्ट, दुपारी २:४५

या विषयावर स्वतंत्र धागा आहे आणि तो साडेचारशे प्रतिसादांवर कुलूपबंद आहे. इथे मास्तरांच्या झेंड्यावर बोला. त्यानंतरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत.

तर्री_मारके | १७ ऑगस्ट, दुपारी २:५०

माझा तं फक्त समोशाबद्दल होता बे, तो काऊन उडवला 😭

इंदोरा_एक्सप्रेस | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पाटीवाले, शपथेचं वजन तुम्ही नागपूरकराला सांगून राहिले?

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर होते, आता जिथे दीक्षाभूमी आहे. उमरेडकडून पायी आले होते, पांढरा सदरा उसना घेतलेला. बावीस प्रतिज्ञा. त्यातही सोडणं आहेच ना? हे मानणार नाही, ते करणार नाही, जुनं टाकतो. आजोबांनी हात जोडून जुनं सगळं सोडलं. आणि संध्याकाळी परत गेले ते उमरेडलाच, त्याच घरात, त्याच विहिरीपाशी, जिथून त्यांना पाणी मिळत नव्हतं. काही लोक तेव्हाही म्हणाले की यांनी आपलं सोडलं. आजोबा म्हणायचे, आमचं होतं कधी?

सोडणं म्हणजे नेहमी दगा नसते. कधी माणूस उभं राहता यावं म्हणून सोडते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात घटना समितीला सरळ सांगितलं की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील, आपण अजून राष्ट्र नाही हे जितकं लवकर समजू तितकं बरं. हे कोण म्हणत होतं? ज्यांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा झाला ते. आता त्यांना कोणी देशभक्त नाही म्हणून दाखवा. घटनेच्या सरनाम्यात स्वातंत्र्याला लागून समता आणि बंधुता उगाच नाही.

पण मास्तर, एक तुमच्या विरुद्धही लिहितो. तुमचा मुलगा आणि माझे आजोबा सारखे नाहीत. आजोबांना दुसरा रस्ता नव्हता. तुमच्या मुलाला होता.

बर्डीचा_मास्तर | १७ ऑगस्ट, रात्री ८:०५

इंदोरा, शेवटची ओळ लागली. बरोबर आहे तुमचं. मी विचार करून राहिलो.

गोरेवाड्याचा_वाघ | १७ ऑगस्ट, रात्री ८:२०

माझी आजी महालातल्या एकाच खोलीत जन्मली आणि गेली. जन्मली तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड. मग मध्यप्रदेश, नागपूर राजधानी. १९५६ला मुंबई राज्य. १९६०ला महाराष्ट्र. अंगण ओलांडलं नाही बिचारीने आणि चार ठिकाणी राहून झाली. आणि आता पाचव्यासाठी विदर्भवादी आहेतच! ओळख कागदावर असती तर आजी पागल झाली असती.

पेठेतला_पाटीवाला | १७ ऑगस्ट, रात्री ८:३१

विदर्भाचा विषय सातव्या प्रतिसादातच येईल असं वाटलं होतं, उशीर झाला.

गोरेवाड्याचा_वाघ | १७ ऑगस्ट, रात्री ८:३३

विदर्भाला महाराष्ट्रात आणणाऱ्या नागपूर करारापासूनच उशीर होऊन राहिला, १९५३पासून. सवय आहे.

जुनी_कात्रणं | १८ ऑगस्ट, सकाळी ११:००

आज तारीख चांगली आहे म्हणून लिहितो. १९२३च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये जायला बंदी, कारण तिथे साहेब लोक राहायचे. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन नेतृत्व करू लागले. हजारावर माणसं देशभरातून इथे येऊन तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाईन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला. आज तिथे आपण गाडी पार्क करायला जागा शोधतो.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट, फेब्रुवारी १९२३. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, पगडी घालून. त्याने तिकडचं नागरिकत्व मागितलं तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की तू सर्वसामान्यांच्या समजुतीप्रमाणे गोरा नाहीस, तुला मिळणार नाही. ज्या भारतीयांना आधी दिलं होतं त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. वैष्णो दास बगई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवायचे, त्यांनी अमेरिकन होताना इंग्रजांची प्रजा असणं सोडून दिलं होतं. अमेरिकेने काढून घेतल्यावर ते कुठलेच राहिले नाहीत, भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

म्हणजे त्या वर्षी नागपुरात भारतीय माणूस आपल्याच गावाच्या एका भागात आपला झेंडा नेऊ शकत नव्हता, आणि तिकडे सैन्यात जाऊन आलेला भारतीय तिथला होऊ शकत नव्हता. भारतीयांना तिथे नागरिक होता यायला १९४६ उजाडलं, तेही येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभर. मास्तरांच्या मुलाने जो हात वर केला तो वर करायला मिळावा म्हणून आपलेच लोक झिजले आहेत. मला त्यात तरी कमीपणा दिसत नाही.

पेठेतला_पाटीवाला | १८ ऑगस्ट, सकाळी ११:४०

कात्रणं, उत्तम प्रतिसाद. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. हजार माणसं ज्या ध्वजासाठी तुरुंगात गेली त्याला थोडी जास्त किंमत नको?

जुनी_कात्रणं | १८ ऑगस्ट, दुपारी १२:१५

हवीच. मग पांडुरंग खानखोजेंचं काय कराल? जन्म वर्ध्याचा, शिक्षण नागपूर. अमेरिकेत शेती शिकता शिकता गदर या क्रांतिकारी पक्षाच्या उभारणीत. महायुद्धात इराणकडे जाऊन इंग्रजांशी लढले. परत येता येईना म्हणून १९२४ला मेक्सिको गाठलं, चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर काम केलं. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर डिएगो रिव्हेराने काढलेल्या चित्रात ते आहेत, टेबलाशी बसून पाव मोडताना. देश स्वतंत्र झाल्यावर परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरातच वारले. अर्धं आयुष्य परक्या मातीत मका पिकवला. त्यांच्या हातात झेंडा दिला असता की नाही?

तर्री_मारके | १८ ऑगस्ट, दुपारी १२:२२

च्यायला. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत मका शिकवून राहिला, अन् आमच्या पोट्टयाले सातबारा वाचता येत नाई.

कोर्टाची_पायरी | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

वकील आहे, म्हणून कायद्याचं थोडं. २००४ मध्ये नवीन जिंदल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सन्मानाने ध्वज फडकवणं हा कलम १९(१)(क)खालचा हक्क आहे. मात्र कलम १९ फक्त नागरिकांना लागू आहे. कलम १४ आणि २१, समानता आणि जीविताचं, ते इथे असलेल्या कोणाही माणसाला. तेव्हा मास्तरांचा मुलगा 'हा माझा मूलभूत हक्क आहे' म्हणून सोसायटीशी भांडू शकत नाही. पण हक्क नाही याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. सोसायटीने मानाने बोलावलं तर प्रश्न मानाचा आहे, कायद्याचा नाही.

आणि देशभक्तीच्या परीक्षेबद्दल कोर्ट आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचं निघालेलं आहे. १९८६चं केरळचं प्रकरण आठवा, तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मामुळे गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं.

एडिसनची_मावशी | १८ ऑगस्ट, रात्री ११:१०

मला एक कबूल करायचंय. १५ ऑगस्टच्या आसपास इथे परेड असते, मी साडी नेसून जाते आणि रडते. ४ जुलैला फटाके बघायला जाते आणि रडत नाही, पण मुलगा छातीवर हात ठेवतो तेव्हा त्याच्याकडे बघत राहते. तो माझ्यापेक्षा जास्त त्या झेंड्याचा आहे. हे बरं वाटायला हवं की वाईट, वीस वर्षांत ठरलं नाही. आणि नागपुरात आले की सगळे विचारतात, परत कधी जाणार? तिकडे विचारतात, मूळची कुठली? दोन्ही प्रश्न प्रेमानेच विचारतात हो.

म्युनिकचा_मोरे | १९ ऑगस्ट, पहाटे २:४०

+१. जर्मनीत चौथ्या वाक्याला विचारतात.

काटोलचा_बागाईतदार | १९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

छत्तीसगढहून आमच्याकडे मजूर येते, तोडीच्या वेळी. पंधरा वर्षांपासून तेच कुटुंब. त्याहिले आम्ही अजून 'बाहेरचे' म्हणतो. हा धागा वाचून काल जीभ अडकली.

बर्डीचा_मास्तर | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या रायपूरवाल्या काकांना घरी जेवायला बोलवा. जरीपटका, खरंच विचारा त्यांना, सावजी चालत नसेल तर साधं करू.

कपाटात मुलाचा पहिला पासपोर्ट आहे, कोपरा कापलेला. फोटोत त्याला मिशी फुटलेली नाही. तो ठेवायचा की नाही यावर घरात वाद नाही. झेंड्याचं सोसायटीवर सोडलं.

तर्री_मारके | २१ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

धागा वर काढून राहिलो. मास्तर, काय झालं मग? मत पडलं का? पोरगा आला का?

बर्डीचा_मास्तर | २१ जानेवारी, रात्री १०:३०

मतदान झालं डिसेंबरात. अकरा विरुद्ध सात, त्याच्या बाजूने. विरोध करणारे सदस्य स्वतः घरी येऊन म्हणाले की निर्णय मान्य आहे, पण माझं मत तेच आहे. मी त्यांना चहा दिला. आवडला मला माणूस.

आणि तो येतच नाहीये! ज्युरी ड्युटीची नोटीस आली त्याला. नागरिकालाच येते ती. पुढे ढकलता येते म्हणे, मी म्हटलं ढकल, तर म्हणतो, बाबा, पहिलीच आहे, जातो. फेब्रुवारीत येतो म्हणाला.

पेठेतला_पाटीवाला | २१ जानेवारी, रात्री १०:४१

आता मात्र मी त्याच्या बाजूने आहे. शपथ घेतली तर पाळतोय.

इंदोरा_एक्सप्रेस | २१ जानेवारी, रात्री १०:४४

पाटीवाल्यांचा स्क्रीनशॉट काढला आहे.

गोरेवाड्याचा_वाघ | २१ जानेवारी, रात्री १०:५८

मग फडकवते कोण?

बर्डीचा_मास्तर | २१ जानेवारी, रात्री ११:१०

सेक्रेटरीच. अडचण दुसरी आहे. झेंड्यात फुलं घालून गाठ बांधायची ती मुलालाच यायची, एका झटक्यात सुटणारी. मागच्या वर्षी वॉचमनने बांधली तर सुटेचना, शेवटी शिडी आणली आणि राष्ट्रगीत दोनदा झालं. २५ला रात्री व्हिडिओ कॉलवर मला शिकवतो म्हणाला. सुतळी आणून ठेवली आहे.

तर्री_मारके | २१ जानेवारी, रात्री ११:१२

मास्तर, सुतळी नोका घेऊ, नायलॉनची दोरी घ्या. सुतळी दवानं फुगते, मग काई सुटत नाई.